सतरा नंबरची हजेरी

सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाच्या पोटात किस्से फार साठतात. कारण साधं आहे. सभेत जे घडतं त्यातलं निम्मं कागदावर लिहिताच येत नाही! 'ग्रामस्थांशी सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा लिहिलं असेल. चर्चेत कोण कुणावर खेकसलं, कोण मध्येच उठून म्हशीला पाणी पाजून आलं, ते सगळं माझ्याकडंच राहिलं.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या ऑफिसातली एक नवी इंजिनिअर मुलगी घरी आली. पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स आणि पूर नियंत्रण या सगळ्यांसाठी म्हणे आता ब्रॉडबँडचं एक जाळं होणार आहे. आवाजाबरोबर फोटोसुद्धा जाणार! मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ती पत्ता शोधत आली.

"सर, जुन्या वायरलेसच्या वेळी तुम्ही गावोगाव लोकांना विचारत फिरला होता ना? लोकांना विचारायचं कसं, ते सांगा."

मी म्हटलं, "पहिल्यांदा देतील तो चहा घ्यायचा."

तिनं ते वहीत लिहून घेतलं!

ती गेली आणि दिवसभर मला काही सुचेना. टीव्ही लावला, बंद केला. कानात एकेक आवाज यायला लागला. त्यातले किती आता राहिलेत कुणास ठाऊक. फार आठवण येते हो त्या आवाजांची.

* * *

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मोबाइल फक्त मोठ्या माणसांच्या खिशात, आणि गावातला फोन पावसाळा लागला की मुका. तेव्हा ठरलं की नदीकाठच्या आणि डोंगरावरच्या गावांना एकेक वायरलेस सेट द्यायचा आणि सगळे सेट कोल्हापुरातल्या एका कंट्रोल रूमला जोडायचे. वरून आदेश आला, सेट कुठं ठेवायचा आणि खांब कुठं रोवायचा हे लोकांना विचारून ठरवा.

विचारायला निघालो आम्ही तिघं. आपटेसाहेब, पुण्याचे इंजिनिअर, काडीसारखे बारीक आणि बोलणं इतकं हळू की पहिल्या रांगेच्या मागं पोचायचं नाही. जीप चालवायला रहिमानभाई. त्यांचं बोलणं पुढच्या गावापर्यंत पोचायचं. आणि मी, कांबळे, वायरलेस ऑपरेटर, हातात चौदा प्रश्नांचा छापील फॉर्म.

साहेबांची एक खोड होती. सभा झाली की गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाला म्हणायचे, "पाणी कुठून येतं ते मला चालून दाखवा." आणि त्याच्या मागं मागं चालायचे. चिखल असो, काटे असोत. रहिमानभाई म्हणायचे, "साहेब, जीप कशाला आणलीय मग?"

माझ्या मनात मात्र एक गोष्ट होती, ती मी दोघांनाही सांगितली नव्हती. यादीत सगळ्यात शेवटचं गाव माझं होतं. आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. पाणी पहिल्यांदा आमच्याकडं यायचं आणि पाण्याची बातमी सगळ्यात शेवटी. मी लहान असताना एकदा दवंडी वरच्या गल्लीपर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. शेजारची चंद्रामावशी त्या पाण्यात गेली. म्हणून यादीतलं एकेक गाव खोडलं जायचं तसा माझा जीव वर-खाली व्हायचा. सेट आमच्या वस्तीत यायला हवा होता, आणि ते तोंडानं बोलायची माझी हिंमत नव्हती. सरकारी माणूस, त्यात तिथलाच. लोक काय म्हणतील?

* * *

पहिलं गाव गडमुडशिंगी. आम्ही शहाण्यासारखी सकाळी अकराला सभा ठेवली! निम्मे पुरुष कोल्हापुरात कामाला, उरलेले शेतात. सतरंजीवर सरपंच, त्यांचे दोन दोस्त आणि एक झोपलेलं कुत्रं. बाजूच्या नळावर बायका धुणं धूत होत्या.

साहेबांनी प्रश्न वाचला. "रोज माणसांचा राबता असेल आणि जिथून गावाला लगेच कळेल, अशी जागा कोणती?"

"माझं घर," सरपंच म्हणाले. दोस्तांनी माना डोलावल्या.

नळावरून आवाज आला, "सरपंच घरात घावतात कवा? डेअरीत ठेवा की!"

सरपंच लाल झाले. पण साहेब उठून नळापाशी गेले. बाई पिळे पिळता पिळता म्हणाल्या, "सकाळ-सांजंला अख्खं गाव दूध घालाय येतंय. एकांदा आला न्हाय तर मानूस बगाय जातंय, का आला न्हाय म्हनून. तुमच्या सरकारला येवडं जमतंय काय?"

साहेब परत सतरंजीवर आले आणि अगदी हळू म्हणाले, "सरपंच, आपलं मत?"

सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला. नळाकडं बघितलं. त्यांची बायको तिथंच धुणं धूत होती.

"ठेवा डेअरीत," ते म्हणाले. "मी बी दोन टायमाला तिथंच असतोय की!"

मी लिहिलं, 'सर्वानुमते.'

* * *

जोतिबाच्या डोंगरावर रिपीटर बसवायचा होता, म्हणजे खालच्या गावांचा आवाज उचलून पुढं फेकणारं यंत्र. त्याला उंच खांब लागतो आणि खांबाला चारी बाजूंनी ताणलेल्या तारा. साहेबांना एक जागा भलतीच आवडली. सपाट, मोकळी, आजूबाजूला पानाची टपरीसुद्धा नाही. नकाशावर त्यांनी गोल केला. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

गुलाल-खोबऱ्याच्या दुकानातले एक म्हातारे हे सगळं बघत बसले होते. म्हणाले, "जागा झ्याक हाय. पर डोंगरावर ईतभर जागा कोन सोडत न्हाय, मग हीच मोकळी का ऱ्हायली, इचार केला काय?"

साहेब म्हणाले, "सरकारी असेल."

"चैतात जत्रंला या. सासनकाठ्या हितनं वळत्यात. येक येक काठी ह्या तुमच्या खांबायेवडी, आन् धा-धा मानसं दोरानं तोलून धरत्यात. तारंत काठी गुतली तर काय करायचं?"

आम्ही गेलो होतो भाद्रपदात. तेव्हा तिथं काठी नाही, माणूस नाही.

रहिमानभाईंनी नकाशात डोकं घातलं. "साहेब, ह्यात काठीची वाट दावलेली न्हाय व्हय? मग कसला नकाशा!"

साहेबांनी खोडरबर काढलं, गोल पुसला, तिथं पेन्सिलीनं वाट काढली आणि खाली लिहिलं, 'इथे काहीही उभारू नये.' म्हाताऱ्यांनी आपल्या दुकानामागची कड्याची जागा दाखवली. खांब तिथं उभा राहिला, आणि डोंगरावरचा सेट त्यांच्याच दुकानात.

त्या इंजिनिअर मुलीनं विचारलंच, "सर, नकाशावर ते 'काहीही उभारू नये' कुणी लिहिलंय?" नुसतं अक्षराचं नाव काढलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

* * *

शहरातला चाचणीचा सेट मंगळवार पेठेतल्या एका तालमीत ठेवला, कारण पेठेनं एकमुखानं सांगितलं की तालीम कधी बंद नसते. साहेबांनी वस्तादांना शिकवलं, "बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं."

वस्तादांनी दाबलं. पण त्या पंजाला सोडणं ठाऊक असेल तर ना! बटण आत जाऊन बसलं ते बसलंच. आता एकानं बटण दाबलेलं असलं की बाकी कुणाला बोलता येत नाही, सगळ्यांनी ऐकायचं. चाळीस मिनिटं चाचणीचे सगळे सेट तालीम ऐकत बसले! कुणी जोर चुकवले, कुणी दुधात पाणी घातलं, कुणाची मान अजून कच्ची आहे.

मग वस्तादांचा आवाज आला, "त्यो पुन्याचा साहेब मानूस लाखात येक हाय. पर अंगावर मांस न्हाय! वादळ आलं तर खांबाच्या आदी त्योच उडंल!"

कंट्रोल रूममध्ये साहेब माझ्या शेजारी उभे होते. मी मान खाली घालून फॉर्म चाळायला लागलो. रहिमानभाई जीप काढून तालमीकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी वस्ताद स्वतः ऑफिसात हजर. हातात बदाम घोटलेल्या दुधाचा तांब्या. साहेबांसमोर ठेवला आणि म्हणाले, "बटान सुटलं न्हाय, ही चूक झाली. पर बोललो ते खोटं न्हवं. प्या!"

साहेबांनी उभ्या उभ्या सगळा तांब्या संपवला.

* * *

शेवटी आमचं गाव आलं. आदल्या रविवारी मी घरी जाऊन आईला बजावलं होतं, सभेत, साहेबांसमोर, मला ओळख दाखवायची नाही; गाव ओळखतंच, वर म्हणायला नको की पोरानं घरचं काम साधलं. वस्तीत निम्मी घरं कांबळ्यांचीच, त्यामुळं साहेबांना आडनावावरून काही कळायचा प्रश्न नव्हता. आई म्हणाली, "बरं." आई 'बरं' म्हणाली की मला धास्तीच वाटायची.

सभा पंचायतीसमोर. बोलणारे सगळे पुढं, वस्तीतली माणसं मागं. सेट पंचायतीत ठेवायचा हे पहिल्या पाच मिनिटांत ठरूनही गेलं. साहेबांनी नववा प्रश्न वाचला, "पाणी गावात प्रथम कुठून शिरतं?"

"घाटावरनं," सगळे पुढचे एकदम म्हणाले.

माझं पेन थांबलं. मला माहीत होतं, मागच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. पाणी घाटावरून नंतर येतं. आधी ओढ्यातून उलटं चढतं, मागच्या बाजूनं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

मागून आई उठली. हौसाआक्का म्हणायचं तिला सगळं गाव. "घाटावर पानी येतंय तवर आमी गुडग्यायेवड्या पान्यात असतोय. आन् ह्ये लिवनारं पावणं का थांबलं? लिवा की!"

पावणं! पोटच्या पोराला!

साहेब उठले. "आजी, मला चालून दाखवाल?"

"चला, दावतो."

पुढं आई, मागं साहेब, त्यामागं पंचायत आणि सगळ्यात शेवटी मी. ओढ्याच्या काठानं आई चालत गेली, एकेक खूण दाखवत. हितं पहिल्यांदा चढतं. हितं वळतं. ह्या आंब्याला लागलं की दोन तासांत रस्ता बंद. एका जागी ती जरा थांबली. "हितं चंद्रा ऱ्हायची," एवढंच म्हणाली आणि पुढं निघाली. वाट संपली ती आमच्याच दारात. ओढ्याला लागून शेवटचं घर आमचं.

साहेब म्हणाले, "सेट इथं हवा."

पंचायतीतले एक सदस्य म्हणाले, "पान्यात बुडंल की वो सरकारी सेट!"

आई म्हणाली, "शेट उचलून घिऊन जाईन की. आन् शेट बुडायच्या आदी मी बुडंन. मग मी गप बसंन व्हय?"

आईनं सगळ्यांना चहा केला. साहेब आत बसले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या खाली माझा लग्नातला फोटो, चांगला पाटाएवढा! तो उतरवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

साहेबांनी फोटोकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत फोटोकडं बघितलं.

कप खाली ठेवत ते म्हणाले, "कांबळे, चहा उत्तम आहे. लिहा, पाणी प्रथम इथे येतं."

त्यापलीकडं ते कधी एक शब्द बोलले नाहीत. जीपमध्येसुद्धा नाही. रहिमानभाई मात्र गावाबाहेर आल्याबरोबर म्हणाले, "पावणं, उतरताय काय घरला?"

* * *

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी सतरा नंबरनं आपणहून हाक दिली. सतरा म्हणजे आईचा सेट. "पानी वड्यातनं चडाय लागलंय. आंब्याला लागाय हातभर ऱ्हायलंय." मी कंट्रोल रूममधून पंचायतीला, पोलिसांना, सगळ्यांना कळवलं. वस्तीतली माणसं आणि जनावरं वरच्या शाळेत गेली आणि मग वरची गल्ली हलली. आमच्या गावात पाण्याचा निरोप पहिल्यांदाच खालून वर गेला.

त्या दिवशी मी कंट्रोल रूमच्या जिन्यात जाऊन रडलो. चंद्रामावशीचं नाव घेऊन रडलो.

आणि 'सरकारी सेट बुडंल' म्हणणारे ते सदस्य? दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ओढ्यापर्यंत उतरून यायचे, दाराबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, "आक्का, काय म्हनतंय पानी?"

आई म्हणायची, "आत येऊन इचारा. पानी आत येतंय, तुमास्नी यायला काय झालं?"

तिसऱ्या दिवशी ते आत आले. चहा घेतला.

* * *

रोज सकाळी आठला हजेरी असायची. मी नंबर पुकारायचा, प्रत्येक गावानं 'हजर' म्हणून पाणी आणि वारा सांगायचा. एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. घरगुती बोलायला सक्त मनाई, नियमच होता. म्हणजे रोज सकाळी मी आईशी बोलायचो, आणि 'जेवलीस का' एवढंही विचारता यायचं नाही.

मी म्हणायचो, "स्टेशन सतरा."

ती म्हणायची, "सतरा हजर. पानी न्हाय. वारा न्हाय."

मी म्हणायचो, "नोंद केली."

बस्स. पण त्या 'हजर'वरून मला कळायचं की तिला सर्दी झालीय, का गुडघा दुखतोय, का कुणाशी भांडून बसलीय.

एकदा ऑफिसात काम फार होतं. तीन रविवार मला गावी जायला जमलं नाही. सोमवारी सकाळी आठला मी पुकारलं, "स्टेशन सतरा."

"सतरा हजर. पानी न्हाय. वारा न्हाय. पोरगं तीन रव्वार आलं न्हाय."

सगळा जिल्हा ऐकत होता! नियमाप्रमाणं म्हणायचं ते म्हटलं, "नोंद केली."

लगेच डोंगरावरून आवाज आला, "जोतिबा हजर. वारा हाय. सतराच्या पोराला म्हनावं, घरला जा." मग गडमुडशिंगीची डेअरी, "हजर. आमचं बी तेच म्हननं हाय." मग तालीम. वस्ताद तर बटण सोडायलाच तयार नाहीत!

दुपारी टेबलावर साहेबांची चिठ्ठी. 'स्टेशन सतराच्या अहवालावर तातडीने कार्यवाही करावी. जीप घेऊन जावे.'

* * *

आता साहेब पुण्याला असतात, कानाला कमी ऐकू येतं. रहिमानभाई गेले. माझ्या निवृत्तीच्या आधीच गावोगावी मोबाइल झाले आणि सेट गोळा करून आणले. ऑफिसच्या एका खोलीत ते ओळीनं मांडून ठेवलेत. आमच्या घरात आज तीन मोबाइल आहेत. हवा तेव्हा, हवं तेवढं बोलता येतं. पण सकाळचे आठ वाजले की मी हातातलं काम टाकून उगाच बसून राहतो.

त्या मुलीला हे सगळं सांगितलं. एक मात्र सांगायचं राहिलं.

आई गेली तेव्हा सेट घरातच होता. एका दुपारी झोपेत गेली, त्रास नाही काही नाही. वस्ती आली, वरची गल्ली आली. ते सदस्यसुद्धा आले आणि आत येऊन बसले. रात्र कशीतरी सरली. सकाळी मी दारात बसलो होतो, ओढ्याकडं बघत. ओढा कोरडा होता.

आठ वाजले आणि आतला सेट बोलायला लागला. हजेरी! रजेवर मी, मग पुकारतंय कोण? आवाज इतका हळू की ओळखायला वेळ लागला नाही. साहेब स्वतः बसले होते. त्यांनी एक नंबर पुकारला, दोन पुकारला. जोतिबा, डेअरी, तालीम, सगळे हजर देत गेले. कुणी जादा शब्द बोललं नाही. सोळा झाला.

मला वाटलं, ते सतरा गाळतील.

"स्टेशन सतरा," साहेब म्हणाले.

मी आत गेलो. सेट हातात घेतला. बटण दाबलं.

"सतरा हजर. पाणी नाही. वारा नाही." बटण सुटत नव्हतं. "पोरगं आलंय."

मी बटण सोडलं.

मग साहेब म्हणाले, "नोंद केली."